आयपीच्या नोंदीवरून माणसाचे गाव ठरवू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणूक, बनावट खाती, संकेतस्थळांवरची शिवीगाळ यांच्या बातम्या आता आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातही रोजच्या झाल्या आहेत. त्या छापून याव्यात, लोकांनी सावध व्हावे, याबद्दल दुमत नाही. पण या बातम्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येते : ‘आयपी ॲड्रेसवरून संशयित अमुक गावचा असल्याचे निष्पन्न झाले.’ (आयपी ॲड्रेस म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीला मिळणारा आकड्यांचा पत्ता.) पोलिसांनी इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव मिळवले असेल तर हे वाक्य बरोबर आहे. मात्र कोणीतरी एखाद्या फुकटच्या साइटवर आकडे टाकून नकाशा बघितला असेल, तर त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. या दोन्ही प्रकारांना बातमीत एकच वाक्य वापरले जाते आणि त्याचा त्रास भलत्याच घराला होतो. तसे एक घर मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

मी खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. या भागातल्या काही मराठी संस्थांची संकेतस्थळे आमच्या माजी विद्यार्थ्यांनी केलेली आहेत, त्यामुळे कुठे काही बिघडले की फोन आमच्याकडे येतो. गेल्या वर्षी अशाच एका संस्थेच्या संकेतस्थळावर, अभिप्रायाच्या चौकटीत, मराठी माणसांबद्दल अतिशय घाण मजकूर कोणीतरी लिहिला. संस्थेतल्या एकाने सर्व्हरच्या, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या यंत्राच्या, लॉगमधून (आपोआप होणाऱ्या नोंदींतून) आयपी काढला आणि ‘लोकेशन’ दाखवणाऱ्या एका साइटवर टाकला. नकाशावर लाल खूण पडली ती एका लहान गावावर. तो स्क्रीनशॉट रात्रीतून व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरला. त्या गावात ब्रॉडबँड घेतलेली घरे मोजकी. त्यातल्या एका घरातला मुलगा अभियांत्रिकीला शिकणारा, आणि शाळा कानडी माध्यमातून झालेला. लोकांना तेवढे पुरले.

मुलाचे वडील आमच्या कॉलेजात आले तेव्हा हातात पोराच्या परीक्षेचे हॉल तिकीट घेऊन आले होते. ‘मॅडम, आमच्या घरात मराठीच बोलतोय की आम्ही. शाळा जवळ होती म्हणून कानडीत घातलं त्याला. आता वाटेत भेटलेला माणूस तोंड फिरवून जातोय,’ असे ते म्हणाले. त्यांना काय हवे होते? कोणीतरी जाणत्याने तो स्क्रीनशॉट बघावा आणि खरे काय ते सांगावे, एवढेच.

मी शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन प्रयोगशाळेत बसले. तिथे आम्ही जे केले ते कोणीही करू शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इंटरनेटवरचे आयपी पत्ते कोणी मनाने घेत नाही. ते वाटून दिले जातात आणि प्रत्येक वाटपाची नोंद ठेवली जाते. सर्वांत वर आयाना ही संस्था. तिच्या खाली जगाचे पाच भाग करून पाच नोंदणी संस्था आहेत : युरोप व पश्चिम आशियासाठी राइप, आशिया-प्रशांतसाठी एपीनिक, उत्तर अमेरिकेसाठी एरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. आपण एपीनिकमध्ये येतो. तिचे मुख्यालय ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला आहे. भारतापुरते वाटप ‘निक्सी’ ही संस्था आपल्या ‘आयआरआयएनएन’ या विभागामार्फत करते. तिथून पत्ते इंटरनेट कंपन्यांकडे येतात. या पाचही संस्थांची दप्तरे सर्वांना खुली आहेत. कोणता पत्ता कोणत्या गटातला, तो गट कोणाच्या नावावर, तक्रार करायची तर कोणत्या ईमेलवर, हे कोणीही विचारू शकतो. त्यासाठी पोलीस असावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

विचारण्याची जुनी पद्धत ‘हूइज’. तिचा पहिला लेखी मसुदा १९८२ सालचा आहे. सर्व्हरच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्रावरची एकेक जोडणी वेगळी ओळखण्याचा क्रमांक) पत्ता पाठवायचा, की उत्तरादाखल साधा मजकूर येतो. अडचण अशी, की त्या मजकुराची मांडणी कशी असावी हे कोणी ठरवलेच नव्हते. एपीनिक आणि राइपच्या उत्तरात गटाचा पहिला-शेवटचा पत्ता ‘आयनेटनम’ या मथळ्याखाली येतो, एरिनच्या उत्तरात तोच ‘नेटरेंज’ होतो. माणसाला डोळ्यांनी वाचता येते, प्रोग्रॅमला मात्र प्रत्येक संस्थेसाठी वेगळे शिकवावे लागते. २०१५ साली ‘आरडॅप’ ही नवी पद्धत आली. ती साध्या वेब पत्त्यावरून चालते आणि पाचही संस्थांचे उत्तर एकाच ठरलेल्या साच्यात, प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या जेसन स्वरूपात देते.

आम्ही वापरली ती पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली ‘आयपीहूइज’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच. ती फुकट आहे आणि एका ओळीच्या आज्ञेत बसवता येते. तिला पत्ता दिला, की ती आधी तो पत्ता इंटरनेटवर कोणत्या नेटवर्ककडून जाहीर होतो त्याचा क्रमांक काढते, त्यावरून पाचांपैकी कोणत्या संस्थेचे दप्तर उघडायचे ते ठरवते, मग आरडॅपने विचारते आणि सगळे उत्तर पायथनच्या डिक्शनरीत, म्हणजे मथळा आणि त्यासमोर माहिती अशा यादीत, मांडून हातात देते. आमचा सगळा प्रोग्रॅम पाच-सहा ओळींचा होता. विद्यार्थ्यांना मी उत्तरातल्या पाच गोष्टी वहीत उतरवायला सांगितल्या : गटाचे नाव, गटाचा विस्तार, देश, नेटवर्क चालवणाऱ्याचे नाव आणि तक्रारीचा संपर्क.

त्या पत्त्याची सुरुवात १०३ ने होत होती. यामागेही कारण आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते, ज्यांना आयपीव्ही४ म्हणतात, ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाकडचे शेवटचे मोठे गट संपले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला एपीनिक आपल्या अखेरच्या गटावर आली. तो गट १०३ चा. तेव्हापासून नव्या कंपनीला त्यातले जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळत, २०१९ पासून तर ५१२. म्हणून आपल्याकडच्या तालुका पातळीवरच्या केबल-ब्रॉडबँडवाल्यांचे पत्ते बहुधा १०३ ने सुरू झालेले दिसतात.

आमच्या उत्तरातही १०२४ पत्त्यांचा एक अख्खा गट आला, एका लहान ब्रॉडबँड कंपनीच्या नावावर. आणि खाली कंपनीचा नोंदणीकृत पत्ता होता : तेच गाव. मालक मूळचे त्या गावचे. कंपनी काढताना त्यांनी घरचा पत्ता दिला होता, इतकेच. कंपनीचे ग्राहक तीन तालुक्यांत पसरलेले आहेत. त्या फुकटच्या साइटला दुसरी काहीच माहिती नसल्यामुळे तिने नोंदणीतले गाव उचलले आणि नकाशावर खूण मारली. कंपनीचा कोणताही ग्राहक, मग तो हुक्केरीत बसलेला असो की बेळगावात वडगावच्या गल्लीत, त्या साइटला त्याच गावात दिसला असता.

आपल्याकडच्या कोणालाही पटेल असे सांगायचे तर ही नोंद शेताच्या उताऱ्यासारखी आहे. उताऱ्यावर मालकाचे नाव असते. काल रात्री त्या शेतातून कोण गेले ते उतारा सांगत नाही.

एका विद्यार्थिनीची खात्री पटेना. ‘मॅडम, देश तरी बरोबर असेल की,’ ती म्हणाली. मी तिला १.१.१.१ हा प्रसिद्ध पत्ता तपासायला सांगितला. क्लाउडफ्लेअर कंपनी २०१८ पासून त्यावर सार्वजनिक डीएनएस सेवा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) देते. उत्तरात गटाचे नाव ‘एपीनिक-लॅब्स’, देश ऑस्ट्रेलिया. आणि त्याच उत्तरात नेटवर्क चालवणारी कंपनी मात्र अमेरिकेची. मग तिने त्याच पत्त्याला पिंग केले, म्हणजे एक छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजले. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. ब्रिस्बेन इथून नऊ-दहा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन यायला, वाटेत कुठेही न थांबता, नव्वद-शंभर मिलिसेकंद तरी लागणारच. तिच्या स्क्रीनवर त्याच्या निम्म्याहून कमी वेळात उत्तर आले. उत्तर देणारे यंत्र ऑस्ट्रेलियात असणे शक्यच नव्हते. हाच पत्ता जगभरच्या अनेक शहरांतून एकाच वेळी जाहीर केला जातो आणि आपल्याला जवळचे यंत्र उत्तर देते. त्या मुलीने ते आकडे वहीत लिहून घेतले आणि स्वतःहून इतरांना समजावायला गेली. शिकवण्याच्या कामात असे क्षण फार मिळत नाहीत.

आता वेळेबद्दल. या प्रकरणातली सर्वांत मोठी गफलत तिथे होती आणि बातम्यांतही ती नेहमी राहून जाते. स्क्रीनशॉटमध्ये वेळ दिसत होती १८:४५. त्यामुळे जो तो त्या मुलाला ‘त्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला कुठे होतास’ असे विचारत होता. मुलगा परीक्षेहून परतून नेमका त्याच वेळी घरी होता, आणि तसे तो प्रामाणिकपणे सांगत होता. लोकांना तो कबुलीजबाब वाटला. वास्तविक त्या संकेतस्थळाचा सर्व्हर परदेशात आहे आणि लॉगमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी आहे. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. १८:४५ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा, तारीखही पुढची. महिन्याचे पैसे भरायचे राहिल्यामुळे त्या मुलाच्या घरचे कनेक्शन रात्री बारा वाजता बंद पडले होते. वडील कंपनीच्या कचेरीत गेले तेव्हा तिथल्या माणसाने त्यांच्याच खात्याचा तपशील उघडून त्यांना ते दाखवले.

मग तो मजकूर लिहिला कोणी? ते कधीच कळले नाही, आणि का कळले नाही हे वाचकांना माहीत असायला हवे. हजारो ग्राहक आणि १०२४ पत्ते, असे असले की कंपनीला एकच बाहेरचा पत्ता एका वेळी अनेक घरांना वाटून द्यावा लागतो. घराघरांत आतले वेगळे पत्ते असतात, १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते आपण राउटरवर बघतो तसे. कंपनीच्या आतल्या अशाच वापरासाठी २०१२ साली १००.६४ पासूनचा एक गटही राखून ठेवण्यात आला. (१९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा एखादा खासगी पत्ता त्या लायब्ररीला विचारायला दिला तर ती बाहेर विचारतच नाही, हा पत्ता खासगी वापराचा आहे असे सांगून तिथेच थांबते. तेही विद्यार्थ्यांनी करून बघितले.) बाहेरच्या जगाला मात्र ही सगळी घरे एकाच पत्त्याने दिसतात. त्यातले नेमके घर ओळखायचे तर पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ आणि त्या जोडणीचा पोर्ट क्रमांक, तिन्ही लागते. संस्थेच्या सर्व्हरने पोर्ट क्रमांक नोंदवलाच नव्हता. कंपनीकडे विचारणा गेली, पण त्या सव्वाबाराच्या सुमारास तोच पत्ता वापरणारी घरे बरीच होती, आणि त्यातले एक वेगळे काढायला आधार नव्हता. ज्याने लिहिले तो मोकळा राहिला. ज्याने लिहिले नाही त्याचे नाव आजही काही जण घेतात, कारण स्क्रीनशॉट ज्या वेगाने फिरला त्या वेगाने आमचा खुलासा फिरला नाही.

नोंदणीच्या दप्तरात माणसाचे ठिकाण नसते, तर मग त्या साइटी ठिकाण आणतात कुठून, असा प्रश्न कोणालाही पडेल. काही खासगी कंपन्या निरनिराळ्या खुणा जुळवून अंदाज बांधतात : नोंदणीतला पत्ता, जवळच्या यंत्रांची नावे, उत्तर यायला लागणारा वेळ, आणि काही वेळा नेटवर्क चालवणाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेली यादी. शहरापर्यंत तो अंदाज कधी बरोबर येतो, कधी नाही. घरापर्यंत तो जातच नाही. अमेरिकेत २०१६ साली उजेडात आलेले प्रकरण यासाठी प्रत्येक वार्ताहराने वाचावे. अशाच एका कंपनीने, ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिका’ यापलीकडे काही ठाऊक नाही अशा सर्वांना, देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकड्यांचा अक्षांश-रेखांश देऊन टाकला होता. त्या ठिकाणी कॅन्सस राज्यातले एक शेतघर होते. साठ कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका घरावर दाखवले जात होते. चोरीला गेलेल्या वस्तू शोधणारे, फसवणूक झालेले, सरकारी अधिकारी, पोलीस, सगळे वर्षानुवर्षे त्या दारात येत राहिले. पुढे कंपनीने तो बिंदू हलवून एका जलाशयाच्या मध्यावर नेला. तिथे निदान कोणी राहत नाही.

आपल्या भागात हा धोका आणखी वेगळा आहे. इथे ‘कुठला’ हा प्रश्न विचारला की त्यामागोमाग भाषा येते आणि राज्य येते. एखादी पोस्ट महाराष्ट्रातून आली की कर्नाटकातून, यावरून इथे दोन गावांत तणाव होऊ शकतो. आणि नेमका इथेच आयपीवरून राज्य काढणे सर्वांत बेभरवशाचे आहे. कोणाची लाइन हुबळीहून येते, कोणाची कोल्हापूरहून, कोणाची गोव्यावरून. मोबाइल कंपन्यांचे डेटाचे दरवाजे मोठ्या शहरांत असतात, त्यामुळे टिळकवाडीत बसलेला माणूस एका साइटला बेंगळुरूचा दिसतो, दुसरीला मुंबईचा. कोगनोळी नाक्याच्या आसपास राहणाऱ्यांना तर माहीतच आहे, की घराच्या पुढच्या खोलीत फोन एका राज्याचा टॉवर पकडतो आणि मागच्या खोलीत दुसऱ्या. अशा ठिकाणी नकाशावरच्या खुणेवरून माणसाचे राज्य ठरवणे आणि त्यावरून त्याची निष्ठा ठरवणे, हे मला फार भयंकर वाटते. आपली मुले दोन्ही भाषांत शिकतात, नोकरीसाठी पुण्यालाही जातात आणि बेंगळुरूलाही. उद्या एखाद्या चुकीच्या खुणेमुळे त्यांच्यापैकी कोणाचे नाव वर्तमानपत्रात आले, तर ते पुसायचे कोणी?

म्हणून आपल्याकडे माझ्या काही विनंत्या आहेत.

बातमीत आयपीचा उल्लेख असेल तेव्हा वार्ताहराने एकच प्रश्न विचारावा : ही माहिती इंटरनेट कंपनीने दिलेली ग्राहकाची माहिती आहे, की नोंदणीच्या दप्तरातली? दप्तरातली असेल तर ‘हा पत्ता अमुक सेवा कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे, ग्राहकाची माहिती मागवली आहे’ एवढेच लिहावे. त्यात गावाचे नाव येण्याचे कारण नाही. लोकेशन दाखवणाऱ्या साइटचा स्क्रीनशॉट तर छापूच नये. वेळ छापायची असेल तर ती भारतीय वेळ आहे ना, हे तपासून घ्यावे. हे सगळे विचारायला एका फोनहून जास्त वेळ लागत नाही.

दुसरी विनंती संस्थांना, आपल्या मार्फत. पतसंस्था, वाचनालये, शाळा, मंडळे, सगळ्यांची संकेतस्थळे आता आहेत, पण लॉगकडे कोणी बघत नाही. आपले संकेतस्थळ ज्याच्याकडून करून घेतले त्याला विचारा, लॉगमध्ये पोर्ट क्रमांक नोंदवला जातो का. बहुतेक सर्व्हरवर तो मुद्दाम चालू करावा लागतो. काम पाच मिनिटांचे आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितले आहे आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या प्रमाणवेळेशी जुळवायलाही सांगितले आहे. वर सांगितलेल्या प्रकरणानंतर या दोन ओळींचे महत्त्व मला कोणी वेगळे सांगायला नको. आणि काही घडले तर तक्रार लगेच करा. दिवस जातील तसा कंपनीकडचा माग पुसट होत जातो. आर्थिक फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. इतर गुन्ह्यांसाठी केंद्र सरकारचे सायबर गुन्ह्यांचे पोर्टल आहे, आणि आपल्याकडे सायबर गुन्ह्यांचे (सीईएन) पोलीस ठाणे आहे. तिथे जाताना लॉगमधली मूळ ओळ जशीच्या तशी न्यावी. तिचा फोटो किंवा कोणी पाठवलेला स्क्रीनशॉट नव्हे.

नोंदणीच्या दप्तराचा खरा उपयोग कुठे होतो, तेही सांगायला हवे, नाहीतर मी त्याविरुद्धच बोलते आहे असे वाटेल. प्रत्येक गटाच्या नोंदीत गैरवापराच्या तक्रारीसाठी एक संपर्क असतो. एपीनिकच्या नियमानुसार तो देणे बंधनकारक आहे आणि दर सहा महिन्यांनी तो चालू असल्याची खात्री केली जाते. आमच्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर कोणीतरी रात्रभर पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करत होते. विद्यार्थ्यांनी लॉगमधले पत्ते त्या लायब्ररीला दिले, कोणते कोणत्या नेटवर्कचे ते गट पाडले आणि प्रत्येक नेटवर्कच्या तक्रारीच्या ईमेलवर, लॉगच्या ओळी आणि यूटीसी वेळ जोडून, साधे सभ्य पत्र पाठवले. सगळ्यांची उत्तरे आली नाहीत. पण काहींनी कळवले की त्यांच्या ग्राहकाचे यंत्र व्हायरसने बाधित होते आणि ते बंद केले आहे. म्हणजे त्या यंत्राचा मालकही गुन्हेगार नव्हता. त्याच्या नकळत कोणी दुसराच ते वापरत होता. दप्तर असे वापरले तर कोणाच्या दारात जमाव जात नाही आणि काम होते.

हे करताना एक पथ्य पाळावे लागते. दप्तर खुले आहे म्हणून हजारो पत्ते एका दमात विचारायचे नाहीत. या संस्था ठरावीक मर्यादेनंतर उत्तर देणे थांबवतात, आणि ते योग्यच आहे. आमच्या प्रोग्रॅममध्ये दोन प्रश्नांमध्ये काही सेकंद थांबण्याची ओळ आहे आणि एकदा मिळालेले उत्तर साठवून ठेवलेले असते, म्हणजे तोच पत्ता पुन्हा विचारावा लागत नाही. उत्तरातले ईमेल-फोन जाहिरातींसाठी वापरायलाही मनाई आहे.

बेळगाव परिसरातल्या महाविद्यालयांनी हा पाठ पहिल्या वर्षीच घ्यावा असे माझे मत आहे. पायथन तर मुले शिकतातच. बेरीज-वजाबाकीचे प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा जगाचे एक खरे दप्तर उघडून वाचणे त्यांना जास्त आवडते, हे मी पाहिले आहे. मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजीला बिचकणारी मुलेही त्या उत्तरातले मथळे एका तासात वाचू लागतात, कारण मथळे थोडे आहेत आणि पाचही संस्थांचे सारखे आहेत.

आपल्या वार्ताहरांपैकी कोणाला हे प्रत्यक्ष बघायचे असेल तर शनिवारी दुपारी आमची प्रयोगशाळा मोकळी असते. लॅपटॉप आणायची गरज नाही. आपण कळवल्यास मी संपर्क करीन. माझा फोन क्रमांक सोबतच्या वेगळ्या कागदावर आहे.

हे पत्र छापल्यास माझे आणि महाविद्यालयाचे नाव कृपया देऊ नये. त्यावरून त्या मुलाचे गाव ओळखता येईल, आणि त्याची शेवटच्या वर्षाची परीक्षा आता तोंडावर आली आहे.

आपली विश्वासू,
एक संगणक प्राध्यापिका
अनगोळ, बेळगाव